विहीणबाईंना, सॉरी या शब्दाविषयी

आदरणीय विहीणबाईंना लॉन्ड्रीवालीचा नमस्कार. नमस्कार एकाच हाताचा आहे, दुसऱ्या हाताने कागद दाबून धरलाय, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने तो उडून निळीच्या पाण्यात जायचा. तुमचं बीपी आता ठीक असेल असं धरून चालते. (नसेल तर आधी गोळी घ्या आणि मग पुढे वाचा. मी थांबते.) व्याह्यांचा खोकला कसा आहे? मी इकडे बरी आहे. मला काही होत नाही, कारण मला काही झालं तर गावभरची माणसं मळक्या कपड्यात फिरतील. तुम्ही म्हणाल, पत्र कशाला, फोन होता की. तर फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. मागच्या फोनवर मी "हॅलो" म्हटलं आणि त्यानंतर एकदम "बरं, ठेवते" म्हटलं. मधलं सगळं तुम्हीच बोललात. पत्रात ती सोय नाही. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पण जेवढी अक्षरं तेव्हा हाताला लागली तेवढी अजून माझं ऐकतात.

तर तुमचा प्रश्न. तुमचं म्हणणं असं की माझ्या मुलाने सॉरी म्हटलंय, एकदा नाही, दहादा म्हटलंय, मग तुमची मुलगी अजून माहेरी का बसलीये आणि तिला पाठवताय कधी. प्रश्न रास्त आहे. मला त्याचं उत्तर तेव्हा देता आलं नाही याचं कारण (तुम्ही बोलू दिलं नाहीत हे एक झालंच) मला तो शब्द नीट माहीतच नव्हता. वापरत मीही होते. बसमध्ये कोणाच्या पायावर पाय पडला की तोंडातून निघतो तेवढा. पण ज्याच्यावर मुलीचा संसार अडून राहिलाय ती चीज काय आहे, कुठली आहे, कशावर चालते, हे न बघता उत्तर देणं म्हणजे कापड न ओळखता डागावर औषध ओतणं. मी ते करत नाही. म्हणून उत्तराला उशीर झाला.

आधी घडलं काय ते लिहिते, कारण तुमच्या बोलण्यावरून मला वाटलं की तुम्हाला ते अर्धंच माहीत आहे. (किंवा पूर्ण माहीत आहे. त्याकडे नंतर येते.) माझ्या मुलीची अक्कलदाढ आडवी उगवली होती. मुलगीही आडवीच आहे, त्यामुळे दाढेला दोष देत नाही. दातांच्या डॉक्टरने बजावलं होतं की दाढ काढल्यावर चक्कर येते, एकटीने घरी जायचं नाही, कोणीतरी न्यायला या. जावईबापू म्हणाले मी येतो. मुलगी तोंडात कापसाचा बोळा आणि गालाची उशी घेऊन बाकावर बसली. दवाखान्यातल्या बाईने तिचे पाय उचलायला लावून खालची फरशी पुसली. मग डॉक्टरांनीच शटर ओढलं, तशी ती पायरीवर येऊन बसली. जावईबापूंचा फोन बंद. रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा ते आले आणि म्हणाले, सॉरी, तुला झालेल्या गैरसोयीबद्दल मी दिलगीर आहे. अगदी याच शब्दांत. आता खरं दुर्दैव बघा, मुलीच्या तोंडात बोळा. तिला बोलता आलं असतं तर तिथल्या तिथे खणखणीत भांडण होऊन रिक्षात बसेपर्यंत विषय मिटला असता. न झालेलं भांडण हे ओल्या चादरीसारखं असतं, वेळेत वाळत घातलं नाही की कुबट वास धरतं आणि मग कितीही पाण्यातून काढा, जात नाही. ती समोरच्या रिक्षात बसली आणि तडक माझ्याकडे आली. बोळा काढल्यावर पहिलं वाक्य बोलली ते असं, "मशीन बंद पडलेल्या लोकांना तो जे म्हणतो, तेच मला म्हणाला."

आणि ते खरंच आहे. कपडे धुवायची मशिनं विकणाऱ्या कंपनीत तुमचे चिरंजीव तक्रारींचे फोन घेतात. (लॉन्ड्रीवालीने मुलगी द्यावी कुठे, तर वैऱ्याच्या छावणीत. पण मुलगा सरळ होता, आणि तेव्हा मला मशिनपेक्षा मुलगा महत्त्वाचा वाटला.) बोलणी करायला आलो तेव्हा तुम्ही भिंतीवरचं प्रशस्तिपत्र दाखवलं होतंत, की कितीही संतापलेलं गिऱ्हाईक असो, आमच्या मुलाने सॉरी म्हटलं की गार होतं. तेव्हा मी मान डोलावली. कोणतंही औषध एकाच डागावर सारखं लावत राहिलं की डाग राहतो आणि कापड जातं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण बोलण्यांच्या वेळी असलं कोणी बोलत नाही.

आता आमच्या दुकानाची रीत सांगते, ती तुम्हाला माहीत नसणार, कारण तुमचे कपडे घरच्या मशिनमध्ये फिरतात. आमच्या मालकांनी (म्हणजे माझ्या मिस्टरांनी, ते गेले तरी मालक तेच) पहिल्या दिवसापासून घालून दिलेली रीत अशी: कपडा ज्याच्या हातून खराब झाला, त्यानेच काउंटरवर उभं राहायचं. तो कपडा दोन्ही हातांवर घेऊन गिऱ्हाइकासमोर धरायचा आणि काय झालं ते सांगायचं. इस्त्री तापली होती आणि माझं लक्ष दुसरीकडे होतं. रंग जाणारा कपडा मी पांढऱ्यात टाकला. एवढंच. माफीचा शब्द काढायचा नाही. मालक म्हणायचे, माफी मागितली की गिऱ्हाइकाला ती द्यावी लागते. आधीच त्याचा कोट गेला, वरून त्याने आणखी काही का द्यायचं? आमच्याकडे वाफेच्या इस्त्रीवर म्हातारा आहे, त्याला सगळे वाफ्या म्हणतात. तो एवढी वर्षं टिकला तो याच रीतीमुळे. एकदा एका वकिलाच्या कोटाबद्दल तो काउंटरवर उभा राहिला, तेव्हापासून इस्त्रीकडे असा बघतो की जणू ती दुसऱ्याची सून आहे.

तर मी शब्दाचा तपास लावला. कशावर चालतो हे बघायला मी आठवडाभर कान उघडे ठेवले. विहीणबाई, हा शब्द सगळ्यावर चालतो. धक्का मारणारा म्हणतो ते ठीक, पण ज्याला धक्का लागला तोही म्हणतो. ऐकू आलं नाही की म्हणतात. शिंक आली की म्हणतात. बँकेत खिडकीवरची बाई म्हणाली, सॉरी, आज होणार नाही, म्हणजे तिथे त्याचा अर्थ "चालती हो" असा होता. शेजारच्या शिंप्याची आई गेली तेव्हा एक तरुण त्याला सॉरी म्हणाला. शिंपी भाबडा. तो मला नंतर हळूच विचारत होता, याने काय केलं होतं हो? आणि एक प्रकार तर असा की आधी सॉरी म्हणतात आणि मग लाथ घालतात: सॉरी, पण तुम्ही इस्त्री चांगली करत नाही. (हे मला म्हणणारी बाई आता दुसऱ्या लॉन्ड्रीत जाते.) एवढ्या ठिकाणी चालणारं औषध मी आजवर एकच बघितलंय, ते म्हणजे साधं पाणी. आणि पाण्याने तेलाचा डाग निघत नाही.

मग तो आला कुठून, हे शोधायला मी आमच्या गिऱ्हाइकातल्या इंग्रजीच्या सरांना धरलं. ते निवृत्त आहेत, पँटच्या घडीबद्दल फार कटकटे, आणि कोणी काही विचारत नाही म्हणून वाळत चाललेत. मी विचारलं तशी त्यांना पालवी फुटली. संध्याकाळी जाडजूड पुस्तक काखेत मारून आले आणि काउंटरवर पसरून बसले, गिऱ्हाइकं त्यांच्या भोवतीने कपडे देत होती. त्यांनी सांगितलं ते असं, की लोकांना वाटतं हा शब्द दुःख या अर्थाच्या शब्दातून आला, पण ते तसं नाही. तो आला जखम, ठणका या अर्थाच्या जुन्या शब्दातून. घसा दुखला की इंग्रजीत सोअर म्हणतात, तो आणि हा एकाच घरातले. म्हणजे जुन्या काळी सॉरी म्हणणारा माणूस सांगायचा की मला दुखतंय, ठणकतंय. पुढे घासून घासून त्यातला ठणका गेला आणि नुसता आवाज राहिला. मी म्हटलं, सर, म्हणजे ज्याला दुखतंय त्याने म्हणायचा शब्द हा? मग त्या दिवशी पायरीवर तो म्हणायचा हक्क माझ्या मुलीचा होता, गाल तिचा सुजला होता. सर म्हणाले, तसं नाही, म्हणणाऱ्याला दुसऱ्याचं दुखणं दुखायला हवं. मी विचारलं, आणि नाही दुखलं तर? सर पुस्तकात बघायला लागले. मग म्हणाले, मी पहिलीच्या मुलांना सॉरी, प्लीज, थँक्यू एका दमात शिकवलं, त्यांना यातलं काही सांगितलं नाही. मला दया आली म्हणून त्या दिवशीच्या त्यांच्या पँटला मी स्वतः घडी घातली. (तरी दुसऱ्या दिवशी परत आणलीच.)

एवढं ज्ञान झाल्यावर मी गप्प बसणारी नाही. जावईबापूंचा फोन मुलगी उचलत नव्हती आणि मी उचलला की ते सॉरी म्हणायचे. तेव्हा मी विचार केला, यांना यांच्या जागेवर जाऊन गाठावं. मी कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. आधी बाजा वाजला. मग एक दाबा, दोन दाबा झालं. मग एक मुलगा आला आणि मी तोंड उघडायच्या आधीच सॉरी म्हणाला, थांबावं लागलं म्हणून. मशिनचा नंबर मागायला लागला. मी म्हटलं, मशीन नाही, माणूस दिलाय तुम्ही, लग्नाची तारीख चालत असेल तर सांगते. त्याने आणखी सॉरी म्हटलं. मी म्हटलं, तुझ्याने निस्तरणार नाही बाळा, वरच्याला दे. आणि त्याने फोन ज्याला दिला ते तुमचे चिरंजीव. (मला वाटलंच होतं. अशी गिऱ्हाइकं त्यांच्याकडेच सोडतात, प्रशस्तिपत्र उगीच मिळत नाही.) त्यांनी माझा आवाज ओळखला. पण तिथलं प्रत्येक बोलणं टेप होतं, ठरलेल्या शब्दांबाहेर जाता येत नाही, म्हणून जन्मात पहिल्यांदा ते मला मॅडम म्हणाले. मॅडम, आपल्या कन्येला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मी म्हटलं, आम्ही म्हणजे कोण, कंपनी का? मग म्हणाले, आपली तक्रार नोंदवून घेतली आहे, आमचा माणूस येऊन पाहणी करेल. मी विचारलं, कोण माणूस? मग खालच्या आवाजात, "मीच येईन, मॅडम."

त्यानंतर एक बाई म्हणाली की आपण समाधानी असाल तर एक दाबा. मी काही दाबलं नाही. इतक्यात कसं सांगणार?

त्यांच्या सुट्टीच्या दिवशी ते आले. शर्ट घरच्या इस्त्रीचा, कॉलर बघून मला भरून आलं. मी फळी उचलून त्यांना काउंटरच्या आत घेतलं. आता इथून पुढे मी त्याला "तो" म्हणणार आहे, राग मानू नका. काउंटरच्या आत जावई नसतो, कामाला उभा असलेला माणूस असतो. त्याला रीत सांगितली. तो शब्द काढायचा नाही. काय झालं ते सांगायचं. मुलीला मी म्हटलं, तू बाहेरून ये, रांगेतून, गिऱ्हाइकासारखी. ती म्हणाली, आई, हा काय तमाशा. मी म्हटलं, तमाशा पंधरवडाभर माझ्या एका खोलीत चाललाय, आज फक्त दुकानात आणलाय.

झालं असं की रांगेत तिच्या पुढे एक बाई होती, तिच्या कोटाचं बटण गेलेलं. तिला वाटलं हा आमचा नवा माणूस, आणि तिने त्याला सोलायला सुरुवात केली. त्याचं तोंड सवयीने उघडलं, "सॉ" बाहेर आलासुद्धा, मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि उरलेलं गिळलं. आणि विहीणबाई, तो शब्द काढून घेतल्यावर त्याला काय करावं हे कळेना. हात कुठे ठेवावेत कळेना. शेवटी म्हणाला, बटण आमच्याकडेच तुटलं असणार, बघतो. आणि बटणांचा डबा पालथा घालून, त्यात जोडीचं बटण शोधून, सुईत दोरा ओवायला बसला. ओवता येत नव्हता. वाफ्याने ओवून दिला. बाई जाताना शांत होती. मी तुम्हाला सांगते, ती गार झाली नव्हती, तिचं काम झालं होतं. यात फरक आहे.

मग मुलगी पुढे आली. आरडाओरडा नाही, काही नाही. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली आणि विचारलं, "कुठे होतास?" वाफ्याने इस्त्री उभी करून ठेवली. मागची माणसं आपापल्या गाठोड्यांकडे बघायला लागली. तो उभा. तोंडात शब्द नाही, हातात कपडा नाही, समोर बायको. आणि मग त्याने सांगितलं.

काय सांगितलं ते मी इथे लिहीत नाही, खाली जागा ठेवलीये. मुलीने पुढचं विचारलं, त्याने त्याचंही उत्तर दिलं, आणि मग ती गाल धरून हसायला लागली. सूज कधीच उतरली, पण गाल धरायची सवय अजून आहे. तेव्हा तो म्हणाला, "अजून दुखतं का?" आणि विचारताना त्याचाच गाल असा वाकडा झाला की मला सरांची आठवण झाली. मी रांगेतल्या लोकांचे कपडे घ्यायला लागले, कारण बघत उभं राहणं बरं दिसत नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: मुलाने सॉरी म्हटलं म्हणून भागत नव्हतं, ते म्हणायचं थांबवल्यावर भागलं. दोघांचं मिटलं. काळजी नसावी. व्याह्यांना नमस्कार सांगा, तुमच्या तब्येतीला जपा, मीठ कमी खा. अक्षराला हसू नका.

आपली,
तुमच्या सुनेची आई

ता. क. मिटलं तर मग सून परत का आली नाही, असं तुमच्या मनात आलंच असेल. आता त्याने सांगितलं ते लिहिते. गोळी घेतली आहे ना? तो म्हणाला, "माझ्या आईबरोबर होतो. पडद्याचं कापड बघायला." कापड तुम्हाला पसंत पडत नव्हतं. त्याने तुम्हाला आठवण करून दिली होती की ती दवाखान्यात बसलीये. तुम्ही म्हणालात, दाढच काढलीये, पाय नाही, बसेल थोडा वेळ, तिथे पंखा आहे. मुलीने विचारलं, मग हे मला आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाला, "तू आईवर चिडली असतीस, आई माझ्यावर, आणि मग मला दोघींना सॉरी म्हणावं लागलं असतं." म्हणून बिचाऱ्याने एकीचाच राग अंगावर घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्यासी स्वतःच दोर घेऊन आला होता. मुलगी म्हणते, माझं त्याच्याशी भांडण उरलं नाही, पण त्या घरी मी अशी कशी जाऊ? आणि तो म्हणतो, मग मीही इथेच राहतो. परवा बॅग घेऊन आला. माझ्या घरात खोली एक आहे. ते दोघं आत झोपतात आणि मी दुकानात गाठोड्यांवर. भिंत पातळ आहे, त्यामुळे जावईबापू झोपेत "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" म्हणतात तेही मला ऐकू येतं. सगळं पत्र लेकी बोले सुने लागे असं झालं, पण तुम्ही शहाण्या आहात.

ता. क. दुसरं. म्हणून विनंती अशी. गुरुवारी दुपारनंतर आमचं दुकान बंद असतं. शटर अर्धं खाली असेल, रांग नसेल, वाफ्यालाही घरी पाठवते. तुम्ही या. तुमच्यासाठी काउंटरच्या आत खुर्ची ठेवते, वयाचा मान म्हणून, बाकी रीत तीच. मुलगी विचारेल आणि तुम्ही काय झालं ते सांगायचं. फार नाही, पडद्याचं कापड बघत होते आणि मला तिची आठवण नको होती, एवढं म्हटलं तरी चालेल. तो शब्द तेवढा आणू नका. मग चहा पिऊ आणि दोघांना घेऊन जा. दोघांना. विसरून एकच नेऊ नका.

ता. क. तिसरं. पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात व्याही दुकानात आले. खोकला अजून आहे, मला दिसलाच. आल्या आल्या हात जोडून म्हणाले, सॉरी. मी विचारलं, कशाबद्दल? तर म्हणाले, "ते घरी विचारून सांगतो." विहीणबाई, पत्र त्यांच्याच हाती देतेय, माणूस आता तिकडे येईल आणि विचारेल. त्यांना खरं सांगा. त्यांना सांगून झालं की गुरुवारी इथे जड जाणार नाही.